ऊस का सुटत नाही? भाव, तोड, खोडवा आणि बिलाचा हिशेब

उन्हाळ्यात धरणे तळाला गेली की चारी बाजूंनी एकच सल्ला येतो: शेतकऱ्यांनी ऊस सोडावा. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा हा सल्ला रोज ऐकू येत होता. पुढे पाऊस बरा झाला आणि मराठवाड्यात उसाच्या लागणी, म्हणजे लागवडी, पुन्हा वाढल्या. 2021-22 च्या हंगामात राज्यात 137 लाख टनांच्या आसपास साखर झाली. मे उजाडला तरी मराठवाड्यात ऊस फडात उभा होता.

शेतकरी हट्टी आहे किंवा आळशी झाला आहे, असे म्हणून हा प्रश्न मिटवता येत नाही. ऊस हे सगळ्यात जास्त पैसे देणारे पीकही नाही. डाळिंब, द्राक्षे, आले, अगदी वेळ साधली तर टोमॅटोसुद्धा उसाच्या दुप्पट-तिप्पट देऊन जातो. ऊस धरून ठेवण्याची कारणे वेगळी आहेत आणि ती एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत की एक सोडवले तरी बाकीची माणसाला त्याच पिकाकडे ओढून आणतात.

दर कसा ठरतो आणि हातात किती येतो

उसाचा किमान दर केंद्र सरकार जाहीर करते. त्याला एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर म्हणतात. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात 2009 मध्ये दुरुस्ती होऊन ही पद्धत आली. सोयाबीनच्या हमीभावात आणि यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सोयाबीनचा हमीभाव सरकारी खरेदी केंद्र सुरू झाले, नोंदणी झाली, ओलावा 12 टक्क्यांच्या आत भरला, तरच मिळतो. नाहीतर अडत्याकडे जो निघेल तो भाव. एफआरपी मात्र कारखान्यावर कायद्याने बांधलेली आहे. ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज, आणि तरीही थकवले तर साखर आयुक्त महसुली वसुलीचा आदेश काढतात आणि जिल्हाधिकारी साखर जप्त करून विकू शकतात. व्याज सहजासहजी पदरात पडत नाही, हे प्रत्येक उत्पादकाला ठाऊक आहे. पण मुद्दल बुडण्याची भीती इतर कोणत्याही पिकापेक्षा कमी आहे.

2025-26 च्या हंगामासाठी 10.25 टक्के उताऱ्याला टनाला 3,550 रुपये दर आहे. उतारा म्हणजे 100 किलो उसातून निघालेली साखर. त्यापुढे उताऱ्याच्या दर 0.1 टक्क्याला टनामागे 34 रुपये 60 पैसे वाढतात. उतारा 9.5 किंवा त्याहून कमी असला तरी 3,290 रुपये 50 पैसे मिळतातच.

कारखान्याचा उतारा 11.5 टक्के धरू. 10.25 च्या वर 1.25 टक्के, म्हणजे साडेबारा टप्पे. साडेबारा गुणिले 34.60 म्हणजे 432.50. एकूण दर झाला 3,982 रुपये 50 पैसे. पण महाराष्ट्रात तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या दरातून वजा होतो. तो टनाला 900 रुपये धरला तर खात्यावर येतात 3,082 रुपये 50 पैसे. एकरी 40 टन उसाचे एक लाख 23 हजार 300 रुपये. तोडणी-वाहतूक प्रत्येक कारखान्याची वेगळी असते. लांबून ऊस आणणाऱ्या कारखान्याची सरासरी चढते आणि तिचा भार कारखान्याच्या दारातल्या शेतकऱ्यावरही पडतो. म्हणून दर विचारताना नुसती एफआरपी विचारू नये, वजावट किती हेही विचारावे.

आणखी दोन खाचाखोचा आहेत. पहिली, उताऱ्याचा पाया. तो पूर्वी 9.5 होता, 2018-19 मध्ये 10 झाला, 2022-23 मध्ये 10.25. त्याआधीच्या 2017-18 मध्ये 9.5 ला क्विंटलला 255 रुपये आणि पुढच्या प्रत्येक 0.1 ला 2.68 रुपये होते, म्हणजे 10 टक्के उताऱ्याला 268.40 पडत होते. पुढच्या वर्षी 10 टक्क्यांना 275 जाहीर झाले. कागदावर क्विंटलला 20 रुपयांची वाढ दिसली, प्रत्यक्षात ती 6 रुपये 60 पैसे होती. दुसरी गोष्ट, उतारा कोणत्या वर्षाचा धरायचा? राज्य सरकारने 2022 मध्ये आदेश काढून आधी ठरावीक उताऱ्याने पहिला हप्ता आणि हंगाम संपल्यावर उरलेली रक्कम, अशी सोय कारखान्यांना करून दिली होती. माजी खासदार राजू शेट्टी यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये तो आदेश रद्द केला आणि एकरकमी एफआरपी पुन्हा लागू झाली.

उतारा धरला जातो तो कारखान्याचा सरासरी, तुमच्या फडाचा नाही. तुम्ही साखरेने भरलेला ऊस घातला काय किंवा पाणचट घातला काय, टनाचा दर सारखाच. त्यामुळे शेतकरी वजन देणारी जात निवडतो. को 86032 आणि फुले 265 का टिकून आहेत आणि कोसी 671 सारखी लवकर पक्व होणारी, साखरेने श्रीमंत जात का मागे पडली, याचे मोठे कारण इथे आहे. साखर वाढवल्याचा मोबदला व्यक्तीला मिळत नसेल, तर तो टनेजच्याच मागे जाणार.

हे सगळे तोटे मांडूनही एक गोष्ट शिल्लक राहते. 2009 पासून जाहीर झालेला दर एकदाही मागच्या वर्षापेक्षा खाली आलेला नाही. लागण करताना नेमका आकडा माहीत नसतो, पण तळ माहीत असतो. कांद्याचे तसे नाही. ऑगस्ट 2023 मध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागले, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद झाली आणि चाळीत माल भरून ठेवलेल्या माणसाचा हिशेब एका रात्रीत फिरला. असा झटका दोनदा बसलेला शेतकरी तिसऱ्या वेळी सरीत उसाची कांडी ठेवतो. ज्याच्यामागे पगार नाही, ठेवी नाहीत, त्याच्यासाठी जास्त नफ्यापेक्षा बुडणार नाही अशी रक्कम मोलाची असते.

पीक म्हणून ऊस किती सोशिक आहे

गारपिटीत द्राक्षबाग अर्ध्या तासात संपते. उसाची पाने फाटतात आणि पंधरा दिवसांत नवा पोंगा, म्हणजे कोवळा शेंडा, निघतो. अवकाळी पावसाने काढणीला आलेले सोयाबीन काळे पडते. उसाला तोच पाऊस पाण्याची एक पाळी वाचवून देतो. दोन महिने पाणी तुटले तर कांड्या आखूड होतात, वजन घटते, पण पीक उभे राहते. 2019 च्या महापुरात कृष्णा-पंचगंगेच्या काठी ऊस बुडाला, तेव्हा शेंडा पाण्याबाहेर राहिलेले फड बऱ्यापैकी वाचले. शेंड्यात गाळ-पाणी शिरून पोंगा कुजलेल्या उसाला मात्र बाजूने पांगशा फुटल्या आणि वजन गेले.

मजुरांचा हिशेब त्याहून मोठा आहे. सुरुवातीचे चार-साडेचार महिने उसाला कष्ट लागतात: लागण, नांग्या (न उगवलेल्या जागा) भरणे, भांगलण (तण काढणे), बुडाला माती लावण्याची बाळभरणी आणि मोठी भरणी. कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे नत्र चार हप्त्यांत जाते: लागणीला 10 टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी 40, बारा ते सोळा आठवड्यांनी 10 आणि मोठ्या भरणीला उरलेले 40. स्फुरद आणि पालाश निम्मे लागणीला, निम्मे भरणीला. भरणी झाली की फडात माणूस शिरतच नाही. पाणी सोडायचे, एवढेच काम उरते. एमआयडीसीत पाळीला जाणारा, दूध डेअरीत काम करणारा, शाळेत शिकवणारा माणूस दोन एकर ऊस सांभाळू शकतो. दोन एकर टोमॅटो तो सांभाळू शकत नाही. गावात भांगलायला बायका मिळत नाहीत, तरुण पुण्या-मुंबईला, घरी म्हातारे आई-वडील: अशा घराचे पीक ऊसच.

मग शेजार. तीन बाजूंना ऊस असेल तर मधल्या तुकड्यात भाजीपाला किंवा हरभरा घेणे अवघड होते. शेजारच्या फडाचा पाझर येतो, सावली पडते, रानडुकरे आणि पाखरे सगळी त्या एका तुकड्यावर उतरतात आणि माल काढायला वाट नसते. एकाने ऊस सोडायचा म्हटला तरी अख्ख्या शिवाराने साथ द्यावी लागते.

खोडवा: एकदा लावला की तीन वर्षे

उसाच्या पिकाचे चार प्रकार आहेत. जुलै-ऑगस्टची आडसाली 16 ते 18 महिने शेतात राहते, ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी 14-15 महिने, जानेवारी-फेब्रुवारीची सुरू 12 महिने. चौथा खोडवा: तुटलेल्या उसाच्या बुडख्यांपासून पुन्हा आलेले पीक, साधारण वर्षाचे. खोडव्याला नांगरट नाही, बेणे नाही, लागणीची मजुरी नाही. पाच फूट सरीत दीड फुटावर रोपे लावली तर एकरी 5,800 रोपे लागतात. तो सगळा खर्च खोडव्यात वाचतो. म्हणून लागणीला घातलेले पैसे खोडव्यात फिटतात, असे शेतकरी म्हणतो. ऊस मोडायचा विचार आला तरी "एवढा खोडवा घेऊ आणि मग बघू" इथे गाडी थांबते. खोडव्यानंतर निडवा, म्हणजे त्याच बुडख्यांचे आणखी एक पीक.

खोडव्याचे उत्पन्न मात्र बहुतेक शेतात निम्म्यावर येते आणि त्याला कारण शेतकऱ्याची कामे चुकतात हे आहे. पहिली चूक तोडणीतच होते. ऊस जमिनीलगत न तोडता 10 सेंटिमीटर वर तोडला, तर एका उसामागे 60 ग्रॅमच्या आसपास वजन बुडख्यात राहते. एकरी 35,000 ऊस धरले तर दोन टनांवर माल शेतातच राहिला, तोही सर्वांत जास्त साखरेचा भाग. शिवाय उंच बुडख्याच्या वरच्या डोळ्यांतून फुटवे निघतात, ते मातीत मुळे धरत नाहीत.

दुसरी चूक पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पाने, पेटवणे. एका एकरात तीन-चार टन पाचट असते आणि एक काडी लावली की ते सेंद्रिय खत राख होते. त्याऐवजी बुडख्यांवरचे पाचट ओढून सरीत दाबावे, बुडखे कोयत्याने जमिनीसपाट छाटावेत, त्यांवर कार्बेन्डाझिम फवारावे. पाचटावर एकरी 32 किलो युरिया, 40 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 4 किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. रासायनिक खत फोकून न देता पहारीने द्यावे: बुडख्यापासून 10-15 सेंटिमीटरवर, फूटभर अंतराने, 15-20 सेंटिमीटर खोल. पहिला हप्ता 15 दिवसांच्या आत, दुसरा साधारण 135 दिवसांनी विरुद्ध बाजूला. तुटाळ पडली असेल तिथे तयार रोपे लावावीत. 15 फेब्रुवारीनंतर तुटलेल्या उसाचा खोडवा शक्यतो ठेवू नये, कारण फुटवे नेमके कडक उन्हात येतात. हुमणी (मुळे खाणारी अळी) किंवा गवताळ वाढीचा रोग लागलेला फड तर मोडलेलाच बरा.

आडसालीचा आकडा ऐकून भुलू नये. आडसाली 60 टन आणि खोडवा 40 टन आला, तर 100 टन होतात खरे, पण अडीच वर्षांत. वर्षाला 40 टनच.

तोड मिळणे ही खरी परीक्षा

ऊस सर्वांत जास्त छळतो तो शेवटच्या महिन्यात. लागण झाली की कारखान्याच्या शेतकी विभागाकडे नोंद होते: गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख. तोडणीचा क्रम याच नोंदीवरून लागायला हवा. प्रत्यक्षात तोडणी मजुरांच्या टोळ्या कमी, ऊस जास्त, आणि चिटबॉयच्या, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या, मागे फिरणारे शेतकरी. तोड लांबली की उसाला तुरा येतो, आत दशी पडते, म्हणजे गाभा पोकळ होतो, वजन उतरते. तुटलेला ऊस 24 तासांत गाळपाला गेला नाही तर सुकतो आणि त्यातली साखर मोडते. या घाईचा फायदा घेऊन टोळी एकरामागे खुशाली मागते, ट्रॅक्टरचालक खेपेमागे एन्ट्री मागतो. तोडणी-वाहतूक बिलातून आधीच कापलेली असते, तरी हे पैसे वरून जातात. यंत्राने तोडणी केली तर पाचटासाठी साडेचार टक्क्यांपर्यंत वजन वजा होते.

टोळीच्या बाजूनेही पाहायला हवे. बीड, अहिल्यानगर, जालना अशा जिल्ह्यांतून दसऱ्यानंतर नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणून निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, हंगामभर फेडतात, पहाटे फडात शिरतात आणि रात्री गाडी भरतात. आजारपणात खाडा झाला तर पैसे कापले जातात. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ऊस परवडतो असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा त्यात या माणसांची स्वस्त मजुरी धरलेली असते. ती स्वस्त राहणार नाही आणि राहूही नये.

जास्त ऊस झाला की काय होते ते 2022 मध्ये दिसले. गाळप संपत नाही म्हणून सरकारला 1 मेनंतरच्या उसासाठी लांबच्या वाहतुकीचे अनुदान आणि उताऱ्यातल्या घटीपोटी टनाला 200 रुपये द्यावे लागले. तरीही पुढच्या वर्षी लागणी थांबल्या नाहीत.

बिल, सोसायटी आणि भाग

कारण पैसे येण्याची रीत घराच्या गरजांशी जुळलेली आहे. एफआरपीची मुख्य रक्कम हंगामात येते. सहकारी कारखाने त्यापुढचा दर देतात तो हप्त्याहप्त्याने: कुठे त्याला खोडकी बिल म्हणतात, कुठे कांडे बिल, मग दिवाळी हप्ता. शाळेची फी, खरिपाची खते, लग्न, सण यांना ही तारीख धरूनच घरे चालतात.

कर्जही याच वाटेने येते. विकास सोसायटी आणि जिल्हा बँक उसाला एकरी जास्त पीककर्ज देतात, कारण वसुली थेट ऊस बिलातून होते. कारखाना सोसायटीचे पैसे कापून मगच उरलेले खात्यावर टाकतो. पाणीपुरवठा संस्थेची पाणीपट्टी, कारखान्याने उधारीवर दिलेली रोपे आणि खते, हेही त्याच बिलातून. सोयाबीनवाल्याला बँक दारात उभे करत नाही असे नाही, पण रक्कम कमी आणि प्रश्न जास्त. ऊस मोडला की उधारीची ही सगळी साखळी एकदम तुटते आणि जुने कर्ज एकरकमी अंगावर येते. अनेकांना ऊस सोडता येत नाही तो इथे.

त्यात कारखान्याचा भाग, म्हणजे शेअर, असतो. 1950 मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना उभा केला, तेव्हापासून सभासदत्व ही प्रतिष्ठेची आणि हक्काची गोष्ट झाली. भागावर सवलतीची साखर मिळते, निवडणुकीत मत मिळते, पण क्रियाशील सभासद राहायचे तर ऊस घालावा लागतो. खाजगी कारखाने वाढले तरी ही ओढ संपलेली नाही. कारखाना, बँक, दूध संघ, शिक्षण संस्था एकाच वर्तुळात असलेल्या तालुक्यात ऊस न लावणारा माणूस त्या वर्तुळाबाहेर पडतो.

पाणी आणि जमीन

पाटपाण्यावर आडसालीला सुमारे 350 सेंटिमीटर पाणी लागते. एका एकराला हे एक कोटी 40 लाख लिटर होते. ठिबकवर त्यात 40 टक्क्यांपर्यंत बचत होते. राज्याच्या पेरणी क्षेत्राच्या चार टक्क्यांहून कमी जागेवरचे हे पीक सिंचनाचे 70 टक्क्यांच्या आसपास पाणी घेते, असे कृषी खर्च व मूल्य आयोगानेच नोंदवले आहे. उजनी धरणामुळे कमी पावसाच्या सोलापूर जिल्ह्यात 30 हून अधिक कारखाने उभे राहिले.

कालव्याचे पाणी बहुतेक ठिकाणी क्षेत्रावर आकारले जाते, मोजून नाही. वाचवले तरी बिल तेवढेच. रात्रीच्या आठ तासांच्या विजेत मोटर चालू करून माणूस घरी येतो आणि सरी तुंबेपर्यंत पाणी चालू राहते. शिरोळ, मिरज, वाळवा तालुक्यांत अशा पाण्याने हजारो एकर जमीन क्षारपड झाली; आता तिथे शेतकरी एकत्र येऊन जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा करत आहेत.

मग कोण बाहेर पडू शकतो?

ज्याला ऊस कमी करायचा आहे, त्याने खोडवा मोडतानाच ठरवावे. एकदम सगळा मोडू नये. एक तृतीयांश क्षेत्र काढावे आणि सोसायटीचे कर्ज उरलेल्या उसाच्या बिलातून फिटेल इतकेच ठेवावे. मोडलेल्या रानात पहिल्या वर्षी हिरवळीचा ताग किंवा सोयाबीन घ्यावे, म्हणजे बुडखे कुजायला वेळ मिळतो. त्याआधी तीन गोष्टी बघाव्यात: दोन्ही शेजाऱ्यांचा बेत काय आहे, नव्या पिकाचा खरेदीदार तोंडी आहे की करारावर, आणि पैसे किती दिवसांत येतात. मराठवाड्यात तुती-रेशीम काही गावांत रुजले, कारण कोष विकले की पैसे लवकर हातात येतात आणि एका वर्षात अनेक पिके निघतात. उसाला पर्याय म्हणून पुढे येणाऱ्या प्रत्येक पिकाला शेतकरी हेच विचारतो: 14 दिवसांचा नियम तुझ्यामागे आहे का?

ज्याला ऊस ठेवायचाच आहे, त्याने क्षेत्र न वाढवता टनेज वाढवावे. एकरी 40,000 गाळपालायक ऊस आणि प्रत्येकी दीड किलो वजन जमले तर 60 टन होतात. दोन एकरांत निघणारा ऊस सव्वा-दीड एकरात निघाला की उरलेले पाणी आणि रान दुसऱ्या पिकाला मोकळे होते. यासाठी पाच फूट सरी, नऊ-दहा महिन्यांच्या बेणेमळ्यातले बेणे, ठिबक, आणि पहिल्या तीन महिन्यांत मधल्या मोकळ्या जागेत हरभरा, कांदा किंवा भुईमुगाचे आंतरपीक. आंतरपिकाच्या पैशातून लागणीचा बराच खर्च निघतो. बेणे मात्र दर तीन-चार वर्षांनी बदलावे. तेच ते बेणे वापरत राहिल्याने काणी आणि गवताळ वाढ हे रोग शेतात कायमचे ठाण मांडतात, आणि मग खत कितीही घातले तरी फुटव्यांची संख्या भरत नाही.